सुंदरम्माची करडी शाई

काळा रंग म्हणजे काय, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. त्याआधी मी म्हणायचो, त्यात कळायचं काय? पाटी काळी, घोंगडी काळी, आमच्या रानातली मातीही काळी. पण सोलापुरातल्या सुंदरम्मानं एकाच काळ्यातून नाना तऱ्हेचे करडे काढले आणि त्यांतून माझा मेलेला थोरला भाऊ कागदावर उभा केला, तेव्हा माझे डोळे उघडले.

सुंदरम्माचं दुकान कन्ना चौकातून आत, बोळात आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शेजारी चादरींचे माग दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे तिथं सगळे जरा मोठ्यानंच बोलतात. खोलीत एक कॉम्प्युटर, एक छपाईचं मशीन, पासपोर्ट फोटोसाठी भिंतीला लावलेला पांढरा पडदा, आणि त्या पडद्याखाली मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी तिची आई पार्वतम्मा. गिऱ्हाइकानं आधी पार्वतम्माला वळसा घालायचा, मग स्टुलावर बसायचं. फोटो काढताना पार्वतम्मा मान खाली घालते, कारण एकदा कुणाच्या तरी खांद्यामागून तिचा अंबाडा फोटोत आला होता आणि तो फोटो परत आला होता.

सुंदरम्मा स्वतः पन्नाशीच्या आसपासची. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि पलीकडच्या इस्त्रीवाल्या चाच्यांशी दख्खनी. तिन्ही भाषांत भांडता येतं. वडील सूत रंगवणारे. लहानपणी ही त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हा ते कढईतून निथळती सुताची लड काठीवर घेऊन दारात यायचे. आत दिवा असला तरी रंग पसंत व्हायचा तो दारातच, उजेडात. दारातून आत गेलेली लड पास, नाहीतर पुन्हा कढईत. पुढं तिला एका फोटो स्टुडिओत काम मिळालं. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, पाण्याच्या ट्रेमध्ये फोटो धुवायचं. कागद पाण्यात हलवता हलवता माणसाचं तोंड वर यायचं, ते ती वर्षानुवर्षं बघत आली. मग डिजिटल आलं, स्टुडिओ बंद झाला, आणि मालकानं जाताना तिला ते ट्रे देऊन टाकले. त्यांतल्या एका ट्रेमध्ये पार्वतम्मा आता विडीचा तंबाखू ठेवते.

ही बाई मला कशी भेटली, ते सांगायला आधी आमच्या गावी, केमला यावं लागेल.

माझा थोरला भाऊ रावजी. विहिरीच्या कामावर असताना दरड कोसळली आणि तो गेला. माझी वहिनी, बजाबाई, तेव्हा तिशीच्या आतली. पुढं तिनं कुंकवाच्या कारखान्यात काम धरलं. आमच्या केमचं कुंकू कुठं कुठं जातं. त्यातलं किती वहिनीच्या हातून गेलं असेल, देव जाणे. हात कोपरापर्यंत लाल आणि कपाळ मोकळं. त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही, म्हणून मीही काढत नाही.

रावजीचा एकच फोटो आमच्या घरात होता. लग्नानंतर ती दोघं माझ्या आईबरोबर सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला गेली होती, तेव्हा काढलेला. काडेपेटीएवढा. मागं पडद्यावर रंगवलेली मोटार, पुढं रावजी फेटा बांधून, खांद्यावरून गुडघ्यापर्यंत सोडलेली काळी घोंगडी, आणि शेजारी वहिनी अशी उभी, जशी काही शाळेत शिक्षा झालीय. तसं फोटोला उभं राहणं तेव्हा सोपं नव्हतंच म्हणा. आमच्या शाळेचा एकदा फोटो निघाला. फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालून म्हणाला, हलू नका. नेमकी तेव्हाच माझ्या कानापाशी गांधीलमाशी आली. त्या फोटोत मला दोन डोकी आहेत. गुरुजी म्हणाले, "जोतिराम, एका डोक्यात गणित शिरत नव्हतं, म्हणून देवानं दुसरं दिलं."

तर वहिनी. पितृपंधरवड्यात रावजीच्या तिथीला म्हाळ घालायचा, तेव्हा ती त्याच्या नावाची सुपारी मांडायची. ताटात घेऊन तिला पाण्यानं न्हाऊ घालायची, पुसायची, कुंकू लावायची, मगच पानं वाढायची. अशी किती वर्षं गेली. मग तिची नजर मंदावली, तो काडेपेटीएवढा फोटो तिला दिसेना. तेव्हा आम्ही घरच्यांनी हौसेनं तो मोठा करून आणला, चांगला वहीच्या पानाएवढा. वहिनीनं तो डोळ्यांजवळ धरला आणि सकाळपासून दुपारपर्यंत खाली ठेवला नाही. त्या साली म्हाळाला सुपारी मांडलीच नाही. फोटो मांडला. आणि सुपारीला जे करायची, तेच फोटोला केलं.

काच तिनं आधीच काढली होती. "काचंवर पानी घालून त्यास्नी काय लागणार हाय?" म्हणाली. ओला हात रावजीच्या गालावरून फिरवला, आणि गाल हाताबरोबर आला. निळं-जांभळं पाणी ताटात उतरलं. फेटा राहिला, मोटार राहिली, मधलं तोंड गेलं.

वहिनी रडली नाही. स्वतःच्या तळव्याकडं बघत बसली. मी म्हणालो, "वहिनी, दुसरा आणू."

"आना," ती म्हणाली. "पर भावजी, एक ध्येनात ठेवा. मी त्यास्नी न्हाऊ घालनारच. आन् ह्या येळंला जर पुन्हा वाहून गेले, तर परत माझ्याम्होरं फोटो आनू नका. दोनदा गेले. तिसऱ्यांदा मला सोसायचं न्हाय."

"तवर सुपारी मांडूया की."

"एकदा तोंड बघितल्यावर सुपारीत कशी बघू?"

मी गावोगावच्या फोटोवाल्यांकडं फिरलो. जेऊरला विचारलं, टेंभुर्णीला विचारलं. सगळे म्हणाले, लॅमिनेशन करून देतो. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "पिशवीत माणूस घालता व्हय?" शेवटी टेंभुर्णीच्या एका दुकानदारानं सरळ सांगितलं, की आजोबा, आमच्याकडं हे व्हायचं नाही, सोलापुरात पूर्व भागात एक बाई आहे, डार्करूममध्ये वाढलेली, तिला गाठा.

उन्हाळा नुकताच लागला होता. तो काडेपेटीएवढा फोटो कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून मी केमला गाडीत बसलो. दुकान सापडलं, पार्वतम्माला वळसा घालून स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. सुंदरम्मा ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "लोक विचारतात साईझ काय, किती वेळात मिळेल. आंघोळ घालता येईल का, असं विचारणारे तुम्ही पहिलेच की आजोबा!"

"व्हय. घालता येईल का?"

"हात कसा फिरवतात? असा पुसून घेतात, का चोळतात?"

मी हात वर करून दाखवायला गेलो, तर खालून पार्वतम्मा म्हणाली, "ए अन्ना, माझ्या गालावर नको दाखवू." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी आपला स्वतःच्याच गालावर दाखवला. बायका लहान पोराचं तोंड पुसतात, तसा.

सुंदरम्मानं फोटो काचेवर पालथा घालून कॉम्प्युटरमध्ये घेतला. पडद्यावर रावजी केवढा मोठा आला! तिनं मला पाणी दिलं आणि मग सांगितलं, की आमचा आधीचा फोटो बाटलीतून मशीनमध्ये भरायच्या स्वस्त शाईचा असणार. ती शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग, पाणी दिसलं की पुन्हा पाण्याकडंच जाणार. तिच्या मशीनमध्ये दुसरी होती. त्या शाईत रंग विरघळलेला नसतो, रंगाची भुकटी असते, ती कागदाला धरून बसते. तिनं एक छोटा फोटो छापला, वाळू दिला आणि सरळ नळाखाली धरला. पाणी स्वच्छ उतरलं!

मी उठलोच. म्हणालो, "झालं की मग!"

"थांबा. दारात नेऊन बघते."

ती उंबऱ्यात उभी राहिली, फोटो उन्हात धरला, आणि तिचं तोंड उतरलं. मीही मागून बघितलं. आत ट्यूबखाली छान करडा दिसणारा रावजी उन्हात हिरवा झाला होता. हिरवा म्हणजे अगदी पानासारखा नव्हे. हौदाच्या कडेला शेवाळ धरतं तसा. आत नेला की बरा, बाहेर आणला की हिरवा. मी चार वेळा आतबाहेर केलं. माझा तर विश्वासच बसेना. पार्वतम्मा म्हणाली, "फोटो हाय का सरडा?"

"वहिनी अंगणात बसून करतात ना सगळं?" सुंदरम्मानं विचारलं.

"अंगनातच."

"मग हा न्हाई चालायचा." आणि तिनं तो फोटो उलटा करून ठेवून दिला.

मग तिनं मला जे सांगितलं, ते मी गावात ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. म्हणाली, "आजोबा, ह्या मशीनला करडा ठाऊकच न्हाई. करडा पाहिजे म्हटलं की ते निळा, गुलाबी, पिवळा असे बारीक बारीक ठिपके शेजारी शेजारी मारतंय. आपल्या डोळ्याला लांबून करडं वाटतंय. ट्यूबखाली तिघांचं जमतंय, उन्हात गेलं की बिनसतंय. आमच्या नान्नांच्या, म्हणजे वडलांच्या, लडीचं पण असंच व्हायचं. तीन रंग मिसळून काळा केला की दारात आल्यावर त्याचं बिंग फुटायचं."

तिनं दिलेलं भिंग घेऊन मी तो फोटो बघितला. देवाशपथ सांगतो, माझ्या भावाच्या नाकावर गुलाबी ठिपके होते! निळे होते, पिवळे होते. गुढीपाडव्याला साखरेच्या गाठी मांडतात तसं रंगीत दुकान. आणि भिंग बाजूला घेतलं की साधा करडा माणूस.

"मग करायचं काय?"

"काळ्यालाच पातळ करायचं," ती म्हणाली. "एक घट्ट काळा. तोच थोडा पातळ. तोच आणखी पातळ. असं करत करत धुरासारखा. आणि निळा, गुलाबी, पिवळा काढून त्यांच्या जागी हे बसवायचे. मशीनला वाटेल आपण निळाच मारतोय."

"म्हंजे मशीनला फसवायचं!"

"फसवायचं की. त्यासाठी वेगळा प्रोग्राम येतो. पण शाई कुठली भरायची, ते आधी बघावं लागेल."

पार्वतम्मानं विडीला दोरा बांधता बांधता विचारलं, की सगळे रंग काढून टाकल्यावर मग पासपोर्टचे फोटो कशानं काढणार? सुंदरम्माकडं मशीन एकच. एकदा करडी शाई भरली की रंगीत बंद. "पासपोर्टच्या साहेबाला सांग, हा माणूस राखेचा हाय," पार्वतम्मा म्हणाली. सुंदरम्मा तेलुगूत काहीतरी फटकन बोलली. आईचं सूप मग बराच वेळ जरा जोरात हलत होतं.

पुढं सगळा उन्हाळा मी केम-सोलापूर करत राहिलो. घरचे म्हणायचे, म्हातारा फोटोच्या नावाखाली बाजार हिंडतोय. पण मला सांगा, असं बघायला दुसरीकडं कुठं मिळणार? सुंदरम्मानं दोन ठिकाणांहून करड्या शाया मागवल्या. मुंबईकडून आलेली दिसायला फार देखणी. तिचा करडा अगदी चांदीसारखा, ना लालसर ना निळसर. दुसरी चेन्नईकडच्या एका माणसानं स्वतः घोटलेली, निव्वळ काजळीची. तिचा करडा जरा तांबूस. पहिली बघितल्यावर दुसरी मळकट वाटायची. मी म्हणालो, "ही चांदीवाली घ्या की. डोळं मिटून."

"डोळे मिटून कशी घेऊ? डोळ्यांसाठीच तर चाललंय."

तिनं दोन्हींच्या पट्ट्या कागदावर ओढल्या, घट्ट काळ्यापासून धुरापर्यंत. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला आणि चैत्रापासून गच्चीवरच्या दोरीला टांगल्या, कपड्यांसारख्या. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. मी केमचं कुंकू नेलं होतं, हळद नेली होती. पट्ट्यांवर ओला हात फिरवायचा, कुंकू लावायचं, पुसायचं, पुन्हा टांगायचं. शेजारच्या गच्चीवरच्या बायका विचारायच्या, कसला नवस आहे.

वैशाख सरता सरता तिनं पुठ्ठे काढले. चांदीवाल्या पट्टीत झाकलेलं आणि उघडं वेगळं दिसत होतं. त्या करड्याला चांदीसारखं करायला त्यात निळ्याचा अंश घातलेला असतो, तो उन्हानं चाटून नेला होता. म्हणजे रावजी इथंही हळूहळू तोंड पालटणारच होता. मग काजळीच्या पट्टीचा पुठ्ठा काढला. झाकलेलं कुठलं आणि उघडं कुठलं, तेच कळेना! मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. रेघच नाही.

पार्वतम्मा म्हणाली, "ती आधीच जळलेली हाय की. ऊन तिला अजून काय जाळणार?"

मला एकदम शाळा आठवली. मी शाळेत असताना आमचे गुरुजी दिव्यावर पणती पालथी धरायला लावायचे. जमलेली काजळी खरडायची, डिंकाच्या पाण्यात खलायची, आणि बोरूनं लिहायचं. गावात अजून एक पोथी आहे तसल्या शाईतली. कुणाच्या पणजोबांनी उतरवलेली, अक्षर असं ठसठशीत. आणि इथं कॉम्प्युटरच्या मशीनला शेवटी शाई मानवली ती कुठली, तर पणतीवरची! मी सुंदरम्माला हे सांगितलं, तर ती बाटली हलवत म्हणाली, "तीच की. फक्त इतकी बारीक घोटलीय, की सुईच्या टोकापेक्षा बारीक भोकातून जातीय."

पण एक खोट निघाली. काजळीच्या पट्टीवर ओला हात नुसता टेकवला तर काही होत नव्हतं, चोळला तर मात्र बोटाला काळं लागत होतं. शाई विरघळत नव्हती, कागदावरून खरवडून येत होती. सुंदरम्मानं ते काळं बोट माझ्यापुढं धरलं. वहिनीचा तळवा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी म्हणालो, "जाऊ द्या आता. तुमचं मशीन तरी कशाला बिघडवता? वहिनीला सांगतो, न्हाय जमत."

"तुम्ही सांगणार, आणि त्या काय मांडणार?" तिनं विचारलं.

तिनं मग दुसरा कागद घेतला, सुती चिंध्यांचा, हाताला खादीसारखा लागणारा. त्यावर काजळी जरा खोल बसली. चांगली मुरू दिली. मग वरून पारदर्शक फवारा मारला, इतका हलका की फुंकर वाटावी. वाळला की पुन्हा. आणि एका सकाळी मी पोचलो तर ती पट्टी बादलीत बुडवून पार्वतम्मा तोंड पुसल्यासारखी पुसत होती. "बागुंदि," ती म्हणाली, म्हणजे छान झालंय, आणि स्वतःचं बोट मला दाखवलं. बोटावर विडीच्या तंबाखूचा पिवळा डाग होता, काळा नव्हता.

पासपोर्ट फोटोची पाटी सुंदरम्मानं स्वतःच्या हातानं आत नेऊन ठेवली. मशीनमधले रंग काढले. नळ्या धुण्यात एक सबंध दिवस गेला. आधी निळं पाणी आलं, मग गुलाबी, मग फिकट, मग स्वच्छ. करडी शाई भरली तर मशीन रुसलं, रेघा तुटक यायला लागल्या. हवा कोरडी, त्यामुळे शाई सुकून बारीक भोकं बुजली होती. ती दर थोड्या वेळानं तपासायची रेघ छापायची, दारात नेऊन बघायची, परत यायची. तिच्या त्या उंबऱ्यापर्यंतच्या फेऱ्या बघून मलाच दम लागला.

छपाईच्या आधी ती पडद्यावर फोटोवरचे डाग काढत होती. जुना फोटो, चिरा पडलेल्या, बुरशीचे ठिपके. घोंगडीच्या काळ्यात, खालच्या बाजूला, थोडे फिकट डाग होते. तेही काढायला तिनं हात घातला आणि थांबली. "आजोबा, हे काय असेल?" मी बघितलं, मला डागच वाटले. "ऱ्हाऊ द्या, घोंगडीवरच तर हायेत," म्हणालो. तिनं ते तसेच ठेवले.

मग मशीन सुरू झालं. कागद कणाकणानं पुढं यायला लागला. आधी फेटा आला; फेट्याची प्रत्येक चुणी वेगळी. मग कपाळ. मग डोळे. तो गेल्यापासून मी ज्याला फक्त काडेपेटीएवढ्या फोटोत बघत होतो, तो माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या हनुवटीवरचा व्रण दिसला, जो मी पार विसरलो होतो. बैलगाडीवरून पडला होता तो. आणि मला एकदम जाणवलं, की हा माझा थोरला भाऊ, ज्याच्या मागं मी पळायचो, तो माझ्या नातवापेक्षा लहान आहे. मी हात जोडले. कुणाला जोडले, ते मला सांगता येणार नाही. भावाला, मशीनला, का त्या बाईला.

घोंगडी बाहेर आली आणि सुंदरम्मा खाली वाकली. आधीच्या फोटोत घोंगडी म्हणजे एक काळं ठिगळ होतं. आता तिच्यात घड्या होत्या, विणीचे दोरे होते, काळ्यात काळे होते. आणि घड्यांच्या आत ते फिकट डाग होते. ते डाग नव्हते. ती बोटं होती. रावजीची चार बोटं, आणि बोटांत धरलेलं वहिनीच्या पदराचं टोक.

माग खडखडत होते. मग सुंदरम्मा फोटो घेऊन दारात गेली, उन्हात धरला. तो तसाच राहिला.

म्हाळाच्या दिवशी ती स्वतः केमला आली. म्हणाली, मला तिथं असलं पाहिजे. गाडीत तिनं फोटो मांडीवर धरला होता, लहान लेकरू धरावं तसा. वहिनीनं तोपर्यंत फोटो बघायचं नाकारलं होतं. "आधी न्हाऊ घालते. ऱ्हायले तर बघते," एवढंच तिचं म्हणणं.

अंगणात पाट मांडला, पाटावर ताट, ताटात फोटो. घरातली सगळी दाराशी गोळा झाली. वहिनीनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. सुंदरम्मानं माझ्या बाहीला धरलं होतं, तिला बहुतेक कळलंच नसेल. वहिनीनं पाणी सोडलं, आणि लेकराचं तोंड पुसावं तसा हात गालावरून फिरवला. एकदा. मग कपाळावरून. मग पुन्हा गालावरून, जरा जोरात, जशी काही परीक्षा बघतेय. ताटातलं पाणी तसंच होतं, तांब्यातल्यासारखं.

तिनं तळवा उलटा करून बघितला. किती तरी वेळ बघितला. मग फोटो उचलला, डोळ्यांपाशी नेला आणि उजेडाकडं तोंड केलं.

"आले व्हय," ती म्हणाली. नुसतं तेवढंच.

सुंदरम्मा तिच्याशेजारी उकिडवी बसली. "अम्मा, इथं बघा. घोंगडीत." आणि बोट न टेकवता जागा दाखवली.

वहिनीनं बघितलं. आधी तिला दिसेना. मग दिसलं, आणि त्या म्हातारीचं तोंड असं काही झालं, की मी दुसरीकडं बघायला लागलो.

"गड्ड्याची गर्दी," ती म्हणाली. "हे म्हनले, चुकशील, म्हनून पदर धरून ठेवतो. आन् सासूबाई फोटोवाल्याच्या शेजारी उभ्या! मी भीतीनं मरत हुते. हे म्हनले, घोंगडीखाली कोन बघतंय?" मग ती सुंदरम्माकडं वळली. "कोनाला ठावं नव्हतं गं. तुला कसं घावलं?"

"मला न्हाई घावलं, अम्मा. शाईला घावलं."

वहिनीनं कुंकवाची डबी उघडली, रावजीच्या कपाळाला बोट लावलं, आणि त्याच बोटानं सुंदरम्माच्या कपाळालाही लावलं. मग फोटो पाटावर उभा करून माझ्याकडं बघून ओरडली,

"बघत काय बसला, भावजी? पानं वाढाय सांगा. मानूस किती येळ उपाशी बसवायचा?"